पाचवीचा कोरा कागद

वॉचमननं वरवंटा आत जाऊ दिला नाही.

"मावशी, पिशवी दाखवा," म्हणत त्यानं आत हात घातला आणि जुन्या पातळाच्या फडक्यात गुंडाळलेला काळा दगड बाहेर काढला. दोन्ही हातांत धरून तो त्याच्याकडं बघतच राहिला. "हे काय? दवाखान्यात चटणी वाटणार होय?"

"पाचवी हाय माझ्या नातीची," आत्या म्हणाल्या. "सटवाईला वरवंटा लागतो. पाटा न्हाई आनला, लई जड हुता. तुमच्या फरशीलाच पाटा म्हनीन."

"दगड चालत नाही आत."

"मग काय चालतं?"

"फळं. बिस्किटं."

"सटवाई बिस्किटं खाती व्हय रं?"

मी हे जिन्याच्या वरच्या पायरीवरून बघत होते. एक हात कठड्यावर, एक हात पोटाच्या टाक्यांवर. आमच्याकडं सासूला आत्या म्हणायची रीत आहे. माझ्या आत्या तासगावच्या पलीकडून, सकाळच्या पहिल्या एसटीनं, फोनसुद्धा न करता मिरजेला आल्या होत्या, आणि त्यांना बघून मला बरं वाटलं नाही. कारण चार दिवस मी त्यांना खोटं सांगत होते.

शेवटी वरवंटा वॉचमनच्या टेबलाखाली गेला. "मुजावर नाव माझं. जाताना मागून घ्या," तो म्हणाला.

"नीट ठिवा. माझ्या सासूचा हाय," आत्या म्हणाल्या आणि पदर खोचून जिना चढायला लागल्या.

वर आल्यावर त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला, बोटं मोडली, आणि बाकावर बसून पिशवीतलं एकेक बाहेर काढलं. हळदी-कुंकवाची पुडी. निंबाचा डहाळा. डिंकाच्या लाडवांचा डबा. एक कोरा कागद, चुरगळू नये म्हणून कॅलेंडरच्या गुंडाळीत घातलेला. आणि एक निळं पेन.

बाळाच्या पाचव्या दिवशी सटवाई येते आणि त्याच्या कपाळी काय ते लिहून जाते. तिला लिहायला अडू नये म्हणून कागद-पेन मांडून ठेवायचं.

"पेन नवं घेतलंय या बारीला," आत्या म्हणाल्या. "मागच्या बारीला घरातलंच ठिवलं हुतं. धड उमटत नव्हतं."

मागच्या वेळी म्हणजे तीन वर्षांपूर्वी. माझ्या थोरल्या जावेचा मुलगा. तोही असाच दिवस भरायच्या आत झाला होता आणि दुसऱ्या एका गावात काचेच्या पेटीत आठ दिवस होता. नवव्या दिवसाला तो नव्हता.

"जा, लेकीला पाच मिनटं भाईर आन," आत्या म्हणाल्या. "एवढं ठीक हाय म्हनती डॉक्टरीन, तर पाच मिनटांनी काय हुतंय? कपाळाला कुंकू लावती आन देती परत."

त्यांनी माझा हात हातात घेतला आणि एकदम थांबल्या.

"बांगड्या कुटं गेल्या तुझ्या?"

"आत घालू देत नाहीत, आत्या. हात धुवायला अडतात."

"सुवासनीचा हात असा भुंडा?"

"सगळ्यांनाच काढायला लावतात."

त्या हातावरून बोट फिरवत राहिल्या. मला वाटलं, आता विचारतील. तेवढ्यात साळवी सिस्टर दारातून डोकावल्या. "स्वप्नाली, चला. अकरा वाजले."

*

मी गावातल्या इंग्लिश मीडियमच्या बालवाडीत टीचर होते. सिट डाउन, कीप क्वाएट, नो फायटिंग चिल्ड्रन, एवढ्यावर माझं भागायचं. पण सासरी त्याचा केवढा तोरा. औषधाच्या बाटलीपासून ट्रॅक्टरच्या पुस्तकापर्यंत जे जे इंग्लिशमध्ये असेल ते माझ्यापुढं यायचं, आणि मी अर्धं वाचून, अर्धं अंदाजानं सांगायची. आत्या बाजारात ओळख करून द्यायच्या, "ही आमची इंग्लिशची सून."

लहान मुलांच्या त्या युनिटचा नियम कडक होता. बाळाची तब्येत डॉक्टरच सांगणार, रोज सकाळी अकराला, आणि तेही फक्त आईबापांना. सिस्टर हातानं सगळं करायच्या, पण कसं आहे विचारलं की म्हणायच्या, "डॉक्टरांना विचारा." घरच्यांनी काचेच्या पलीकडून बघायचं. बाप इथं नव्हताच, म्हणजे आत जे काही बोललं जाईल ते बाहेर नेणारी मी एकटी.

आणि डॉक्टर कुरियन केरळच्या. मिरजेत येऊन त्यांना चार महिने झाले होते. दूध, ताप आणि घाबरू नका, एवढंच मराठी त्यांना यायचं. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "इंग्लिश ओके, अम्मा?" साळवी सिस्टर मिरजेच्याच, त्या मधे बसून समजावू शकल्या असत्या. मी मान ताठ करून म्हटलं, "येस मॅडम."

मग त्या बोलल्या. एकतीस आठवडे, अकराशे पन्नास ग्रॅम, फुप्फुसं, जंतू. मी शब्दांच्या मागं धावत होते. शेवटी त्या थांबल्या, माझ्याकडं नीट बघितलं आणि हळू म्हणाल्या, "इट वोन्ट बी ईझी. बट शी हॅज अ फायटिंग चान्स."

फायटिंग मला रोजचं माहीत होतं. एका पेन्सिलीसाठी दोघांनी एकमेकांचे केस ओढले की मी म्हणायची ते. ते माझ्या बाळाला का लावलं, मला कळेना. पेटीत ती निजली होती. पाठ माझ्या तळहाताएवढी. कान इतके कोवळे की दुमडला तर दुमडलेलाच राहायचा. सिस्टर कूस बदलताना तो बोटानं सरळ करायच्या. ही कुणाशी भांडणार होती?

वॉर्डात येऊन फोनवर शोधलं. जीव तोडून धडपड केली तर यश मिळू शकेल अशी, थोडी पण खरी शक्यता. मी ते वीसेक वेळा वाचलं असेल. "थोडी" आलं की रडू यायचं, "खरी" आलं की थांबायचं.

प्रवीण, माझा नवरा, फौजेत. तेव्हा अरुणाचलला होता. रजा मंजूर व्हायला दोन आठवडे लागणार होते. फोनवर त्याचा आवाज तुटत तुटत यायचा. मी त्याला जसंच्या तसं सांगितलं. तो मग म्हणाला, "आईला यातलं काही सांगू नको, सपना. मागच्या वेळी दोन महिने बोलत नव्हती ती. जेवायचीसुद्धा नाही. तिला झेपणार नाही आता."

दुसऱ्या दिवशी आत्या आल्या होत्या. कॉरिडॉरमध्ये भिंतीला हात टेकून उभ्या. "काय म्हनली डॉक्टरीन?"

"ठीक होईल म्हणाल्या."

त्या तिथंच फरशीवर बसल्या. पदरानं तोंड पुसलं, मग पिशवीतली भाकरी काढून खाल्ली. आदल्या दिवसापासून त्यांच्या पोटात काही नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. त्या भाकरीच्या प्रत्येक घासाबरोबर माझं खोटं पक्कं होत गेलं. संध्याकाळच्या गाडीनं त्या गावी परतल्या, बाळंतिणीचे लाडू करायचे म्हणून. मग रोज फोन. "काय म्हनली?" "ठीक आहे म्हणाल्या." "दूध पिती?" "पिते." ती नळीनं पितेय, एका वेळी चमचाभर, हे मी सांगत नव्हते.

सोबतीला माझी चुलती होती, पण तिला दम्याचा खोकला. सिस्टरनी तिला युनिटच्या दारापासूनही लांब ठेवलेलं. ती वॉर्डात माझं जेवणखाण बघायची. माझ्या टाक्यांमध्ये पू झाला होता, ताप उतरत नव्हता. आणि बाळाची खरी खबर तेवढी माझ्या एकटीच्या पोटात.

तिसऱ्या दिवशी दूध काढायला बसले असताना मी एक वाक्य पाठ केलं. मुलांना कविता पाठ करून घ्यायचे तसं, ओठांतल्या ओठांत. अकराला डॉक्टरांपुढं म्हटलं, "मॅडम, डज शी स्टिल हॅव अ फायटिंग चान्स?"

"स्टिल," त्या म्हणाल्या.

चौथ्या दिवशी पुन्हा तेच विचारलं. त्याही तेच म्हणाल्या. तेवढ्या एका शब्दावर मी दुसऱ्या दिवसाच्या अकरापर्यंत तग धरायची.

*

पाचव्या दिवशी मी विचारायच्या आधीच त्या बोलायला लागल्या.

आदल्या दुपारपासून बाळ तीनदा श्वास घ्यायचं विसरलं होतं. विसरलं, असंच त्या म्हणाल्या. अशा बाळांना अजून त्याची सवय नसते. तळपायाला टिचकी मारली की आठवतं. तिसऱ्या वेळी मात्र एका टिचकीनं आठवलं नव्हतं. वजन एक हजार चाळीसवर आलं होतं.

त्यांनी समोर खुर्ची ओढून मला बसवलं आणि सावकाश, एकेक वाक्य तोडून सांगितलं. तिला माणसाची छाती पाहिजे. उघड्या छातीवर उघडं बाळ, उभं बांधून ठेवायचं, कांगारू पिल्लाला ठेवते तसं. दिवसाचे जितके तास जमतील तितके. माणसाच्या श्वासाच्या लयीनं तिला स्वतःचा श्वास आठवत राहील, ऊब राहील, वजन धरेल. त्यांच्या सगळ्या यंत्रांमध्ये हे करणारं यंत्र नव्हतं.

मी ओढणी बाजूला करायला लागले. त्यांनी माझा हात धरला. "यू हॅव फीवर, अम्मा. नॉट यू. नॉट नाउ." मग विचारलं, घरात दुसरी बाई कोण आहे? आजी?

"नोबडी, मॅडम," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या खांद्यावरून पलीकडं बघितलं. काचेबाहेर आत्या उभ्या होत्या. एका हातात निंबाचा डहाळा, दुसऱ्या हातात कॅलेंडरची गुंडाळी. काचेला नाक लावून कुठली पेटी आपली ते शोधत होत्या.

"देन हू इज दॅट?"

मी शेवटी म्हटलं, "शी डझन्ट नो."

"डझन्ट नो व्हॉट?"

"दॅट बेबी हॅज ओन्ली... ओन्ली अ फायटिंग चान्स."

डॉक्टर कुरियन पहिल्यांदाच थोडं रागावल्या. ओन्ली म्हणू नकोस, त्या म्हणाल्या. आशा नसते तेव्हा मी हा शब्द वापरत नाही. तेव्हा मी आईबापांना बसवून वेगळं सांगते. आणि सगळं सुरळीत असतं तेव्हाही वापरत नाही. लढायचं ठरवलेलं असतं तेव्हाच हा वापरते. मग पेटीकडं बघून म्हणाल्या, "बट शी कान्ट फाइट अलोन. गो, टेल हर."

साळवी सिस्टर पाठमोऱ्या उभ्या राहून सलाईनची नळी नीट करत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. नियमच होता तसा. पण मी उठले तेव्हा त्यांनी दार उघडून धरलं.

*

बाकावर आत्यांनी हळदी-कुंकवाची पुडी सोडून ठेवली होती. मी रिकाम्या हातांनी आलेली बघून त्या म्हणाल्या, "झोपलीय व्हय? असू दे. उठंपतूर थांबू."

"आत्या, मी तुम्हाला खोटं सांगितलं."

त्यांनी मान वर केली.

मी सांगितलं. श्वासाचं, वजनाचं, नळीचं. उभ्यानंच, भिंतीला टेकून. आता या खाली बसतील, बोलायच्या बंद होतील, प्रवीणला मी काय सांगू, असं सगळं एका वेळी डोक्यात. त्या ऐकत राहिल्या. पुडीचा कागद पुन्हा घडी करून बंद केला.

"कवापास्नं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आन मी तिकडं डिंक तळत बसले."

"ह्यांनीच सांगितलं होतं, तुम्हाला त्रास होईल. मागच्या वेळी तुम्ही दोन महिने..."

"मागच्या बारीला काय झालं म्हाईत हाय तुला?" त्यांचा आवाज चढला नाही. उलट खाली गेला. "सगळी मला ठीक हाय, ठीक हाय म्हनत हुती. मी घरात बसून बाळुती शिवत हुते. आन नवव्या दिशी एकदम कापडात गुंडाळून हातात दिला. गार. मी त्याला एकदाबी मांडीवर घेतलं नव्हतं गं. घ्यायचं आसल तर आत्ताच घे, आसं मला कुनी सांगितलंच न्हाई. दोन म्हैने बोलले न्हाई ती त्यापायी. कुनाशी बोलायचं? समदी खोटी."

कॉरिडॉरमधून एक आया बादली घेऊन गेली.

"ती डॉक्टरीन काय म्हनली, ते तिच्या तोंडचं सांग," आत्या म्हणाल्या. "तुझं नगं. तिचं."

"शी हॅज अ फायटिंग चान्स."

"मंजी?"

चार दिवस मी ते फोनवर मराठीत वाचत होते, पण तोंडानं म्हणायचं आलं तेव्हा तो मराठी शब्दच उमटेना. "म्हणजे... अवघड आहे, आत्या. खूप अवघड. पण हरलेलं नाही. लढायला जागा आहे."

"कुनी लढायचं?"

त्यांनी काचेकडं बोट दाखवलं.

"त्या मुठीएवढ्या लेकरानं एकटीनं?"

मग मी छातीचं सांगितलं. कांगारूचं नाव घेतलं नाही, नुसतं काय करायचं ते सांगितलं. माझा ताप उतरेपर्यंत दुसऱ्या कुणीतरी.

त्या उठल्याच. "मग इतका येळ भिंतीला का टेकलीस? सोड की मला आत."

*

युनिटच्या दारात हात धुवायचं मोठं बेसिन होतं. साळवी सिस्टरनी आधी आत्यांना अंघोळीला पाठवलं, खोकला-सर्दी विचारली, नखं कापायला लावली. ते सगळं त्यांनी निमूट केलं. मग सिस्टर चाचरत म्हणाल्या, "काकू, बांगड्या काढाव्या लागतील."

आत्यांच्या दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या डझनभर बांगड्या. सासरे घरी धडधाकट, म्हशींना वैरण घालत असतील त्या वेळी. आत्यांचा हात मी कधी मोकळा बघितलेला नव्हता; कासार आला की एक काढायच्या आधी दुसरी चढलेली असायची.

त्यांनी माझ्या भुंड्या हातांकडं एकदा बघितलं. मग नळ सोडला, साबण लावला आणि एकेक बांगडी उतरवायला लागल्या. उतरवलेली प्रत्येक माझ्या ओंजळीत. डाव्या हातातली शेवटची निघेना. हाड रुंद झालं होतं, कातडी लाल झाली, तरी निघेना.

"राहू दे, वर सरकवून चिकटपट्टी लावू," सिस्टर म्हणाल्या.

"लेकराला लागंल," आत्या म्हणाल्या. मनगट बेसिनच्या कडेवर टेकवलं, डोळे मिटले, आणि बांगडी वाढवली. टिचल्याचा एवढासा आवाज झाला. तुकडे त्यांनी स्वतः वेचून कागदात बांधले. "पुन्हा भरता येत्यात," त्या म्हणाल्या. मला म्हणाल्या की स्वतःला, कळलं नाही.

मी ताप आलेली, म्हणून काचेबाहेर थांबले. तिथून बघितलं. पुढून उघडा हिरवा झगा घालून आत्या खुर्चीत मागं रेलून बसल्या. मंगळसूत्र पाठीवर टाकलेलं. सिस्टरनी पेटीतून तिला उचललं, नळ्यांसकट, आणि आत्यांच्या छातीवर उभी ठेवली, बेडकासारखे पाय दुमडून, एक गाल टेकवून. वरून कापड गुंडाळून बांधलं. आत्यांनी हात अलगद कापडावर ठेवला आणि मग त्या अगदी निश्चल झाल्या. श्वाससुद्धा जपून घेत होत्या. सिस्टरनी काहीतरी सांगितलं. बहुतेक हेच, की काकू, नेहमीसारखा घ्या, तुमचा बघूनच ती घेणार आहे. तेव्हा त्यांची छाती मोठी वर आली, खाली गेली. तिच्याबरोबर बाळाच्या डोक्यावरची टोपीसुद्धा.

दोनला सिस्टरांची ड्युटी बदलायची. त्या वेळी प्रत्येक पेटीच्या पायथ्याशी लटकवलेल्या पॅडवरचा जुना कागद काढून नवा लावायचे. श्वास, ठोके, दूध, वजन, सगळं तासातासाला त्यावर. साळवी सिस्टर जाता जाता आमच्या पेटीपाशी थांबल्या. आत्या त्यांना काहीतरी विचारत होत्या. पुढं कितीदा तरी आत्यांनीच मला ते सांगितलंय.

"सिस्टर, तेवढा माझा कागद ठिवू द्या की हितं. कुंकू न्हाई लावत."

"बाहेरचा कागद चालत नाही, काकू." सिस्टर स्वतः चर्चला जाणाऱ्या, पण पाचवी त्यांना ठाऊक होती; मिरजेत वाढलेल्या. त्यांनी नवा कागद पॅडला लावला आणि पॅड आत्यांना दिसेल असं वळवून धरलं. "हा बघा. कोरा आहे. आणि हे पेन." दोरीनं बांधलेलं पेन त्यांनी पॅडवर आडवं ठेवलं.

"यावर कोन लिवतं?"

"आम्हीच. तासातासाला."

"काय लिवता?"

"ती जे करेल ते."

आत्यांनी कोऱ्या कागदाकडं बराच वेळ बघितलं. "मग बराय," म्हणाल्या. "आधीच लिवून ठेवन्यापरीस बरं."

*

त्या गावी गेल्याच नाहीत. सकाळी आठला अंघोळ करून आत, दुपारी जेवायला बाहेर, पुन्हा पाचपर्यंत आत. अकराला मी डॉक्टरांपुढं बसायची आणि बाहेर आल्यावर जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगायची. वाईट असलं तर वाईट. सहाव्या दिवशी दोनदा श्वास विसरली. सातव्या दिवशी एकदा. वजन तेवढंच.

प्रवीणला मी सांगितलं तेव्हा तो चिडला. मग म्हणाला, "आईला दे फोन." आत्यांनी फोन कानाला लावला, ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तू तिकडची लढाई बघ. हितली मी बघती."

आठव्या दिवशी त्या कुणाशी बोलल्या नाहीत. जावेचं बाळ आठव्या दिवसापर्यंतच होतं, ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. सकाळी आठला आत गेल्या त्या दुपारी जेवायला उठल्या नाहीत, पाण्यालासुद्धा नाही. साडेतीनच्या सुमारास मी काचेशी उभी असताना यंत्र वाजायला लागलं. सिस्टर दुसऱ्या पेटीत हात घालून उभ्या होत्या. त्यांनी वळून बघेपर्यंत आत्यांनी कापडाखाली हात घातला होता. तळपायाला टिचकी. मग पाठीवरून बोट. ओठ हलत होते. काचेतून मला ऐकू येत नव्हतं, पण काय म्हणत होत्या ते दिसत होतं. घे गं. घे माझे बाय. इसरू नगंस. मी काचेवर कपाळ टेकवलं. किती वेळ गेला सांगता येत नाही; सिस्टर नंतर म्हणाल्या, अकरा सेकंद. यंत्र थांबलं. आत्यांनी मान मागं टाकली आणि छताकडं बघत मोठे मोठे श्वास घ्यायला लागल्या, तिला दाखवत असल्यासारखे.

नवव्या दिवशी अकराला मी माझं पाठ केलेलं वाक्य म्हटलं नाही. डॉक्टर कुरियनच म्हणाल्या, "वेल, अम्मा? व्हॉट डू यू थिंक?"

मी पॅडवरचा कागद बघितला. एक हजार ऐंशी. चाळीस ग्रॅम वर.

"शी हॅज अ फायटिंग चान्स," मी म्हटलं. पहिल्यांदाच ते विचारलं नाही, सांगितलं. आणि पुढचं पाठ केलेलं नव्हतं, तरी आलं, "शी इज नॉट अलोन."

*

अडतिसाव्या दिवशी आम्हाला घरी सोडलं, तेव्हा ती सतराशे नव्वद ग्रॅमची होती. दहाव्या दिवसापासून माझा ताप गेला होता. मग सकाळी मी आणि दुपारी आत्या, असं आम्ही वाटून घेतलं होतं. मधे आठ दिवस प्रवीण येऊन गेला. त्यानंही एक दुपार छाती उघडी करून तिला धरलं, आणि आत्या काचेबाहेरून त्याला खुणा करत होत्या, मान सरळ धर, हलू नको.

मी कागदांवर सह्या करत होते. आत्या बाळाला घेऊन बाकावर बसल्या होत्या, हातांत त्याच सकाळी भरलेल्या नव्या बांगड्या. समोर एक पंचविशीचा माणूस फोनवर बोलत होता. शर्टाला अजून ॲम्ब्युलन्समधला रक्ताचा डाग. आदल्या दिवशीच त्याला जुळं झालं होतं, दोघंही आत. "काही नाही आई, ठीक आहेत. डॉक्टर म्हणाले ठीक होतील. तू कशाला येतेस एवढ्या लांब..."

"ए बाबा," आत्या म्हणाल्या.

त्यानं फोनवर हात ठेवला.

"डॉक्टरीन ठीक म्हनली का फायटिंग चान्स म्हनली?"

तो त्यांच्याकडं बघत राहिला. नऊवारीतली बाई, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. "फायटिंग चान्स," तो हळूच म्हणाला.

"मग तसंच सांग. ठीक हाय म्हनू नगंस. ठीक हाय म्हटलं की मानसं घरीच बसत्यात."

त्याच्या फोनमधून कुणीतरी "हॅलो, हॅलो" म्हणत होतं. त्यानं फोन पुन्हा कानाला लावला. मग म्हणाला, "आई, ऐक. ठीक नाहीत ती. तू ये."

खाली उतरलो तेव्हा मुजावर खुर्चीवरून उठला. टेबलाखालून फडक्यात गुंडाळलेला वरवंटा काढून त्यानं वरची धूळ बाहीनं पुसली.

"मावशी, हे राहिलं होतं तुमचं."

आत्यांनी बाळाला माझ्याकडं दिलं, आणि वरवंटा आपल्याकडं घेतला.